टेक्सास की कॅलिफोर्निया: मोकळीक कुठे जास्त?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी बडोद्याहून अमेरिकेला पाठवतेय, टेक्सासातलं डॅलस आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे या दोन ऑफिसांतलं एक निवडायचंय, सोबत बायको आणि शाळेत जायच्या वयाची मुलगी. मित्र म्हणतो, "टेक्सास घे, तिथे सरकार माणसाच्या वाटेला जात नाही, कॅलिफोर्नियात उठता-बसता नियम." हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंत. मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारातली. आधी कॅलिफोर्नियात होते, आता डॅलसच्या उत्तरेला राहते, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय.

तुमच्या मित्राचं पैशापुरतं खरं आहे, आणि तेही अर्धंच. टेक्सासात राज्याचा आयकर नाही. तो पुढे कोणी लावू नये म्हणून मतदारांनी 2019 साली राज्यघटनेतच बंदी घालून घेतली. कॅलिफोर्नियात सगळ्यात वरचा दर 13.3 टक्के. तिथवर तुमचा पगार पोचणार नाही, पण दर महिन्याला हातात येणाऱ्या रकमेत फरक जाणवेल. मात्र शाळा, रस्ते काही फुकट चालत नाहीत. टेक्सास तो पैसा घरपट्टीतून काढतं, आणि ही घरपट्टी म्हणजे आपल्या महापालिकेचं बिल नव्हे: घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के, दरवर्षी. उलट नियमांसाठी बदनाम असलेल्या कॅलिफोर्नियात 1978 पासून मूळ दर 1 टक्क्यावर बांधलेला आहे आणि घराचं मूल्यांकन वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. भाड्याने राहणार असाल तर टेक्सास सरळ स्वस्त. घर घ्यायचं असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आता तुमचा खरा प्रश्न. इथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरावादी मंडळींना (टेक्सासात यांचं वजन) सरकार पैशापासून, धंद्यापासून आणि बंदुकीपासून लांब हवं असतं. कुटुंब, शाळा आणि नीतिमत्ता यांत ते आलं तर त्यांची हरकत नसते. लिबरल, म्हणजे उदारमतवादी मंडळींना (कॅलिफोर्नियात यांचं वजन) खासगी आयुष्यात सरकार नको असतं, पण मालक, घरमालक आणि कारखानदार यांच्या मानेवर मात्र ते बसलेलं हवं असतं. दोघेही स्वातंत्र्याच्याच नावाने मतं मागतात.

आपल्याला हे भांडण नवं नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंध ठेवण्यासाठी तिच्या वयाची मर्यादा 10 वरून 12 वर नेली, तेव्हा टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेले, व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेले आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारला दूर ठेवून त्या मुलीच्या वाट्याला कुठलं स्वातंत्र्य येणार होतं? आणि आपले बडोद्याचे सयाजीराव महाराज! 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापांना दंड ठेवला. त्या काळी कित्येकांना ती जुलूमशाहीच वाटली असणार.

तसंच एक उदाहरण तुमच्या कामाचं आहे, आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या रुजू होतानाच सही घेतात की नोकरी सोडल्यावर अमुक काळ स्पर्धक कंपनीत जाणार नाही. टेक्सासात असा करार, मुदत आणि व्याप्ती वाजवी असेल तर, कोर्टात टिकतो. कॅलिफोर्नियात 1872 पासून तो रद्दबातल आहे. सही केलीत तरी तुमच्यावर बंधन नाही. म्हणजे तिथे सरकारने दोन माणसांच्या करारात तंगडी घातली आणि नोकरदार मोकळा झाला. सॅन होजेच्या आसपास इंजिनिअर लोक सकाळी एका कंपनीत, महिन्याने समोरच्या इमारतीत, असे सहज फिरतात त्याचं हे एक मोठं कारण. 2024 साली केंद्राच्या व्यापार आयोगाने देशभर असे करार बंद करायचा नियम काढला, तो डॅलसच्याच फेडरल कोर्टाने उडवला. धंद्यातल्या माणसाच्या दृष्टीने तो स्वातंत्र्याचा विजय होता. तुम्ही कुठल्या बाजूला बसणार आहात ते पाहा.

हा पुढचा भाग तुमच्या मिसेसनी स्वतः वाचावा. भारतात 1971 पासून गर्भपाताचा कायदा आहे, त्यामुळे आपण ती सोय गृहीतच धरतो. टेक्सासात 2022 पासून गर्भपात जवळपास पूर्ण बंद आहे; आईच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तरच मुभा, आणि चुकीला डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्यामुळे गुंतागुंत झाली की डॉक्टर आधी वकिलाचा विचार करतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे घरभाड्याच्या आधी बोलून घ्या. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी हा हक्क राज्यघटनेत घातला.

मुलीच्या शाळेचं मात्र उलटं आहे. कॅलिफोर्नियात "आमचा विश्वास नाही" म्हणून लसी टाळता येत नाहीत, 2016 पासून ती पळवाट बंद आहे. टेक्सासात पालक लिहून देऊ शकतात. 2025 साली पश्चिम टेक्सासात गोवराची साथ आली, 762 रुग्ण झाले, दोन मुलं दगावली. पण त्याच टेक्सासने त्याच वर्षी सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला, त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. दारूबद्दल तर गुजरातेतून येणाऱ्याला काय सांगू! टेक्सासात रविवारी दारूची दुकानं बंद असतात एवढंच, परमिट लागत नाही.

आणि सरकार लांब राहिलं म्हणून कोणीच विचारणार नाही, या भ्रमात राहू नका. इकडच्या नव्या वसाहतींत घरमालकांची संस्था असते आणि तिच्यापुढे आपल्या सोसायटीचा चेअरमन म्हणजे देवमाणूस. कचऱ्याचा डबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्याकडेला राहिला म्हणून मला फोटोसकट पत्र आलं: वर तारीख, खाली दंडाचा आकडा, मध्ये माझा बिचारा हिरवा डबा. वर्गणी थकवलीत तर ही संस्था कोर्टामार्फत घर लिलावालाही काढू शकते. कॅलिफोर्नियातही अशा संस्था आहेत, सुटका तिथेही नाही.

या सगळ्यापेक्षा तुमच्या रोजच्या जगण्यावर ज्याचा ताबा असेल तो व्हिसा, आणि तो दोन्ही राज्यांत सारखाच. कंपनीने एल-वनवर (आपल्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीवर नेण्याचा व्हिसा) पाठवलं तर त्या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही, आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत सोय लावायची. बायकोला नोकरी करता येते ही त्यातली चांगली बाजू. म्हणून शहर ठरवण्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: व्हिसा एल-वन ए (मॅनेजरांचा) की बी (विशेष ज्ञान असलेल्यांचा), कारण मुदत अनुक्रमे 7 आणि 5 वर्षं, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज कधी सुरू करणार. भारतात जन्मलेल्यांची रांग लांबलचक आहे, एक वर्षाचा उशीरही महागात पडतो.

मला विचाराल तर दुसरं मूल हवं असेल किंवा पुढे नोकऱ्या बदलायच्या असतील तर सॅन होजे, भाडं पाहून छाती दडपली तरी. तसं काही नसेल आणि चार पैसे मागे टाकायचे असतील तर डॅलसला या. एचआरचं उत्तर आलं की कळवा, मग घराचं बोलू.