मानसशास्त्रात बी.ए. झालं, आता पुढे काय?

प्रश्न : माझं जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. थोरल्या मुलीनं छत्रपती संभाजीनगरला राहून मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं, ७१ टक्के पडले. आता पुढे काय, यावर घरात रोज चर्चा. भाऊ म्हणतात बी.एड. करा. मुलगी म्हणते, मला ‘सायकॉलॉजिस्ट’च व्हायचंय, कधी म्हणते गुन्हेगारांच्या मनाचा अभ्यास करायचाय. एका संस्थेचा रोज फोन येतो, तीन महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, फी ४० हजार, लगेच प्रॅक्टिस सुरू करता येते म्हणतात. एम.ए. बाहेरून केलं तर चालेल का? खरं सांगायचं तर दुकानात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर मला धड सांगता येत नाही. लोक म्हणतात, वेड्यांची डॉक्टर होणार का?

उत्तर :

नमस्कार. आधी ते ४० हजार. भरू नका. उद्या फोन आला तर स्पष्ट नाही म्हणा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे लोक जिला ‘आर.सी.आय.’ म्हणतात तिच्याकडे, नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ही पात्रता सांगितलेली आहे. तीन महिने मोबाइलवर व्याख्यानं ऐकून ती नोंदणी मिळत नाही. प्रमाणपत्राला सोनेरी किनार असेल, पण मुलगी ज्या दाराशी ते घेऊन जाईल तिथे ते चालणार नाही. शिवाय तिच्यासमोर उद्या आत्महत्येचे विचार येणारा माणूस येऊन बसला तर? तयारी नसलेल्या मुलीला त्या खुर्चीत बसवणं तिच्यावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही.

बाहेरून एम.ए. करण्याचा प्रश्नही आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देणं थांबवलं आहे. अनेक पालकांना हे जाचक वाटलं. मला मात्र हा निर्णय पटतो, आणि त्यामागे माझा एक अनुभव आहे.

मी शिकत असताना एका बालमार्गदर्शन केंद्रात जात असे. पहिले काही आठवडे आमच्या मॅडमनी मला कोपऱ्यात नुसतं बसवलं. बोलायचं नाही, बघायचं आणि लिहायचं. मग एक दिवस आठ वर्षांच्या एका मुलाची चाचणी माझ्याकडे दिली. रंगीत ठोकळे जुळवून कार्डावरच्यासारखी नक्षी करायची, हातात स्टॉपवॉच. पोरानं नक्षी अचूक केली, पण वेळ संपल्यावर चार सेकंदांनी. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘गुण शून्यच लिही. नियम आहे. पण शेजारी लिही, की प्रत्येक ठोकळा ठेवल्यावर तो कार्डाकडे परत बघत होता, आणि शेवटचा ठेवल्यावर त्यानं तुझ्याकडे पाहिलं.’ त्या मुलाला पुढे कोणती मदत द्यायची, हे ठरवताना तीच शेजारची ओळ कामी आली.

असं बघायला आणि लिहायला जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच शिकता येतं. म्हणून तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कॉलेज निवडताना इमारत, नाव, नोकरीची हमी हे सगळं नंतर बघा. आधी विचारा, की मुलीला प्रत्यक्ष माणसांबरोबर काम कुठे करायला मिळेल, किती तास, आणि ते तपासणार कोण? या प्रश्नाचं नेमकं उत्तर जिथे मिळेल तिथेच प्रवेश घ्या.

आता मुलीच्या शब्दाकडे येतो. ‘सायकॉलॉजिस्ट’ या एका शब्दात वेगवेगळी कामं येतात. औषधं लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, त्यांना एम.बी.बी.एस. आणि पुढचं वैद्यकीय शिक्षण लागतं. ती वाट तुमच्या मुलीची नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रुग्णालयात चाचण्या करतात, मानसोपचार देतात. तिथपर्यंत जाण्याचा रस्ता आजवर एम.ए. आणि त्यानंतर परिषदेची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. असा होता. जागा कमी आणि प्रवेश परीक्षेला गर्दी मोठी. एम.फिल. ही पदवीच आता बंद होते आहे. या शाखेला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत मिळाली होती, आणि तिच्या जागी परिषदेनं नवे अभ्यासक्रम आणले आहेत. तेव्हा ‘आमच्या ओळखीच्या मुलीनं असं असं केलं’ या माहितीवर विसंबू नका. ज्या संस्थेचा अर्ज भरणार, तिचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर त्याच वर्षाच्या मान्यता यादीत आहे का, एवढं मुलीला स्वतः बघू द्या. बेंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही या क्षेत्रातली जुनी, मोठी नावं. आपल्याकडे पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे.

समुपदेशकाचं काम याहून वेगळं, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमच्या मुलीनं याच कामाकडे आधी नीट पाहावं. तिथे चांगलं एम.ए. लागतं, क्लिनिकलची नोंदणी लागतेच असं नाही. मागणीही वाढते आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंदर्भात दिलेल्या निर्देशांत, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं म्हटलं आहे. कागदावरचं सगळं लगेच वर्गात उतरत नाही, हे तुम्हीही जाणता. पण शाळा आता विचारू लागल्या आहेत.

सरकारी दवाखान्यातही हे काम आहे. जिल्हा रुग्णालयात एच.आय.व्ही. तपासणी केंद्राच्या शेजारच्या खोलीत बसून तपासणीआधी आणि नंतर माणसाशी बोलतो तो समुपदेशक. किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्येही समुपदेशक असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. आपल्या मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांमुळे प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यातही हीच माणसं लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलणारेही प्रशिक्षित समुपदेशकच. यातल्या बहुतेक जागा कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार बेताचा. हे लपवून ठेवणं बरोबर नाही. पण मराठवाड्यातली बोली बोलणारी, शेतकऱ्याच्या घरातलं दुखणं न सांगता ओळखणारी मुलगी तिथे बसली, तर समोरचा माणूस मोकळा होतो. शहरातून आलेल्याला हे जमायला वर्षं लागतात.

मुलांच्या चाचण्या हे आणखी एक काम. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत सवलत हवी तर बुद्धिमापन लागतं. बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठीच १९३० च्या दशकात तयार झाली, आणि मलिन यांची चाचणी तर नागपुरात. म्हणजे या कामात आपली परंपरा आहे. मुलांमध्ये रमत असेल तर विशेष शिक्षणाचं बी.एड.ही पाहा, त्यालाही पुनर्वास परिषदेचीच मान्यता असते.

तुमच्या भावांचा साध्या बी.एड.चा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचं तर बी.एड.च्या जोडीला त्याच विषयातलं एम.ए. लागतंच. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. म्हणजे एम.ए. आधी, बी.एड.चं नंतर.

गुन्हेगारांच्या मनाचं म्हणाल, तर मालिका बघून हे आकर्षण वाटतं आणि त्यात वाईट काही नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात त्याचं शिक्षण मिळतं. पण न्यायवैद्यक प्रयोगशाळांत जागा मोजक्या, आणि नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी संशयिताच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलं. दोन महिन्यांनीही तिला हेच करावंसं वाटत असेल तर नक्की लिहा. कंपन्यांतलं मनुष्यबळ विभागाचं काम, बाजार संशोधन, सैन्याच्या निवड मंडळातले मानसशास्त्रज्ञ, हेही रस्ते आहेत. त्यातल्या पहिल्या दोन्हींसाठी संख्याशास्त्र आणि एक्सेल पक्कं हवं. बी.ए.ला संख्याशास्त्राच्या पेपरात किती पडले, ते तिला विचारा.

एम.ए.साठी संभाजीनगरच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे, तिथे राहण्याची घडीही बसलेली आहे. मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या प्रवेशाचे अर्जही भरून ठेवा. प्रवेश होईपर्यंत मुलीला घरी बसवू नका. जवळच्या विशेष मुलांच्या शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जाऊ द्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे, ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. त्यांची प्रशिक्षणं कधी असतात ते तिनं फोन करून विचारावं. फोन तिनंच करावा, तुम्ही नाही.

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण एम.ए.ची दोन वर्षं म्हटल्यावर घरात तो विषय निघेलच. ही दोन वर्षं तिला पूर्ण मिळू द्या. अर्ध्यावर सुटलेल्या एम.ए.चा या क्षेत्रात काहीच उपयोग होत नाही.

वेड्यांची डॉक्टर म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. गावात परीक्षेला घाबरणारी पोरं, कर्जानं झोप उडालेले बाप, बाळंतपणानंतर उगाच रडू येणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याशी बोलणारं माणूस तिला व्हायचंय, एवढं सांगा.

जिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक कुठे आहे ते विचारून मुलीनं एकदा तिथल्या समुपदेशकांना भेटावं. दिवसभरात किती माणसं येतात, कोणत्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं आणि तेव्हा त्या कुणाला विचारतात, एवढं विचारून यावं. मग पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं. तिचे प्रश्न तिच्या शब्दांत आले, तर मला जास्त नेमकं सांगता येईल.