गंगाजळीतले 18 हजार पौंड आणि बोर्दोच्या पेट्या

ताई,
आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. यजमानांना वाइन जमवायचा नाद आहे. लेक 2005 साली झाली, तेव्हापासून ते फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनच्या पेट्या घेतात. एकही घरात नाही, सगळ्या कुठल्याशा गोदामात. मी पीत नाही. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणतात, ‘पैसे दारूत घालतोय.’ आता एका कंपनीच्या माणसाचे सारखे फोन येतात आणि हे आमच्या दोघांच्या बचतीतले 18 हजार पौंड आणखी वाइनमध्ये गुंतवायचं म्हणतात. लेकीच्या 21व्या वाढदिवसाला तिच्या सालातली एक बाटली उघडा म्हटलं, तर म्हणाले, पेटी फोडली की भाव पडतो. यातून आम्हाला नक्की मिळतंय काय? आणि उद्या पुण्याला परत गेलो तर या पेट्यांचं काय?
– अ., रेडिंग

प्रिय अ.,

आधी 18 हजारांचं बोलू. ते देऊ नका. यजमानांचा नाद एक आणि फोनवरच्या माणसाचं म्हणणं दुसरं, या दोन गोष्टींची घरात गल्लत झाली आहे. तुमचा सगळा राग नादावर निघतोय, पण खरा धोका त्या फोनमध्ये आहे.

ब्रिटनमध्ये वाइन विकत घेऊन ठेवणं ही सरकारी देखरेखीखालची गुंतवणूक नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई मिळते, तशी इथे मिळत नाही. फोन करून वाइन विकणाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अनेकांना बुडवलं आहे. कधी दुप्पट भाव लावतात, कधी एकच पेटी दोघांना विकतात, कधी पेटीच नसते. यजमानांना एवढंच करायला सांगा: घेतलेली प्रत्येक पेटी गोदामात कुणाच्या नावावर आहे, हे गोदामाला स्वतः फोन करून विचारायचं. विकणाऱ्याने पाठवलेला कागद पुरेसा नाही. आणि ज्याच्याकडे असं विचारायची सोयच नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.

भावाचंही ऐका. 2011 पर्यंत चिनी खरेदीदारांनी बोर्दोचे भाव आभाळाला नेले आणि मग ते घसरले. पुन्हा चढले, 2022 च्या शरदात शिखर गाठलं, आणि त्यानंतर जवळपास तीन वर्षं उतारच होता. 2024 मध्ये तर नामांकित शातोंनी, म्हणजे तिथल्या वाइन करणाऱ्या मळ्यांनी, 2023 ची वाइन बाजारात आणताना भाव आदल्या वर्षापेक्षा बरेच खाली आणले, कारण जुन्या सालांच्या तयार बाटल्या त्याहून स्वस्त मिळत होत्या. फोनवरचा माणूस ‘वाइन कधी पडत नाही’ म्हणत असेल, तर त्याला ही सालं विचारा.

वाइन व्याज देत नाही. उलट दरवर्षी पेटीमागे भाडं आणि विमा घेते. विकताना मध्यस्थाला साधारण दहा टक्के जातात. पेटी ‘इन बाँड’ असेल, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात, तर मद्यशुल्क आणि 20 टक्के व्हॅट भरावा लागत नाही, पण बाटली प्यायला बाहेर काढली की दोन्ही भरावे लागतात. एक गोष्ट मात्र यजमानांच्या बाजूची आहे. 50 वर्षांच्या आत संपणारी वस्तू म्हणून बऱ्याच वाइनवर ब्रिटनमध्ये भांडवली नफ्याचा कर लागत नाही. फार टिकणाऱ्या वाइनला ही सवलत मिळेलच असं नाही, म्हणून विकण्याआधी हिशेबनीसाला विचारा.

आता त्यांच्या जुन्या पेट्यांकडे येते, आणि इथे मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे.

2005 हे बोर्दोचं फार मोठं साल. समजा, त्यांनी सां-ज्युलियाँ गावची ‘लेओविल-बार्तों’ घेतली असेल. मूळच्या आयरिश बार्तों घराण्याकडे हा मळा 1826 पासून आहे आणि बोर्दोच्या मळ्यांच्या 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत तो दुसऱ्या श्रेणीत बसला. त्या सालाची वाइन 2006 च्या वसंतात ‘आँ प्रिमर’, म्हणजे पिंपात असतानाच विकली गेली आणि बाटलीत भरून पोचायला दोन वर्षं लागली. म्हणजे तुमच्या यजमानांनी मुलगी पाळण्यात असताना पैसे भरले, ती चालू-बोलू लागल्यावर पेटी गोदामात आली, आणि त्या सालाच्या वाइनमधला तुरटपणा निवायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मूल जन्मलं की त्याच्या सालातली पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, राखून ठेवायची इंग्रज घरांत जुनी चाल आहे. सधन लोक तर अख्खं पिंप घेत, 550 लिटरच्या आसपास. यजमानांनी ती चाल उचलली आणि इतकी वर्षं निभावली. सासूबाईंना हे असं सांगून बघा. ‘दारूत पैसे घालतोय’ या वाक्यात लेकीचं नावच येत नाही.

या पेट्यांना बाजारात जो भाव आहे, तोही या निगराणीचा. 12-13 अंश तापमान, दमट हवा, अंधार, बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. शिवाय पहिल्या दिवसापासून कुठे पडून होती याचा कागद हवा. तो कागद का लागतो, तर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात रूडी कुर्नियावान नावाच्या वाइन-संग्राहकाने फ्रान्समधल्याच बर्गंडी भागातल्या पाँसो घराण्याच्या ‘क्लो सां-दनी’ या वाइनच्या बाटल्या आणल्या, 1945 पासूनच्या. त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवात केली 1980 च्या दशकात! त्या घराण्याचे लोराँ पाँसो स्वतः तिथे पोचले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. पुढे कळलं की हा कुर्नियावान कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरात वाइन मिसळून, जुनी लेबलं चिकटवून विकत होता. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. यजमानांकडे गोदामाच्या, त्यांच्या नावाच्या पावत्या असतील. त्या नीट फाइल करून ठेवा.

पुण्याचं मात्र मनातून काढून टाका. परदेशातून येताना माणशी दोन लिटर सुटतं, म्हणजे दोन बाटल्या. त्यापुढे जबर शुल्क. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बाळगणंही कायद्यात बसत नाही, खासगी माणसाने विकणं तर दूरच. आणि एप्रिलच्या वीज गेलेल्या दुपारांत फ्लॅटच्या माळ्यावर वीस वर्षांची वाइन महिन्याभरात उतरेल. विकायची ती ब्रिटनमध्येच विका, प्यायची ती तिथेच प्या.

पेटी फोडली की भाव पडतो, हे यजमानांचं म्हणणं खरं आहे. शातोचं नाव डागलेली मूळ लाकडी पेटी, बाराही बाटल्या जागच्या जागी, हिला सुट्या बाटल्यांपेक्षा जास्त भाव येतो. पण इंग्लंडातले जुने संग्राहक यावर तोडगा काढत आले आहेत: दोन पेट्या घ्यायच्या, भाव वाढल्यावर एक विकायची आणि त्या पैशांत दुसरी फुकट प्यायची. यजमानांकडे एकाहून जास्त पेट्या असतील, तर कागद घेऊन दोघं बसा. विकायच्या कुठल्या, ठेवायच्या कुठल्या, हे लिहून काढा. विकलेल्यांचे पैसे लेकीच्या घराच्या डिपॉझिटला जाऊ देत. तिच्या सालाची एक पेटी मात्र विकायच्या यादीत घालू नका, आणि तिचा आजचा भाव पुन्हा बघूही नका.

तुम्ही विचारलंत, यातून आम्हाला मिळतंय काय. माझ्या मते आतापर्यंत फक्त त्यांना मिळालं आहे, कारण वाट बघण्याचा आनंद त्यांनी एकट्याने घेतला. तुम्हाला कधी गोदामाचं नावसुद्धा सांगितलं नाही, हे चुकलंच. गोदामाच्या खात्यावर दोघांची नावं लावता येतात का विचारा. उद्या त्यांना काही झालं, तर कुठे काय आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. तुम्ही पीत नाही म्हणून काही बिघडत नाही. वास घ्या, रंग बघा. वीस वर्षांच्या बोर्दोला कडेला विटेचा रंग धरायला लागतो आणि देवदारासारखा, सुक्या तंबाखूच्या पानासारखा वास येतो. त्या पेल्याजवळ बसून यजमान काय काय बोलतील, ते ऐकायला मिळेल. मला वाटतं, तुम्हाला तेच हवं आहे.

बाटली गोदामातून मागवली की यायला वेळ लागतो, आणि प्रवासाने हललेली जुनी वाइन दोन-तीन आठवडे स्वस्थ पडू द्यावी लागते. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती उभी करा, गाळ तळाशी बसेल. जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, म्हणून मळसूत्री नको, दोन पात्यांचं ओपनर आणून ठेवा. ओतताना बाटलीच्या मानेखाली दिवा धरला की गाळ दिसतो, तो दिसला की थांबायचं. वाढदिवस जवळ आला असेल, तर गोदामाला याच आठवड्यात कळवा.

– तुमची ताई