शेजारच्या अक्का गेल्या, त्यांना कसं जपू?

प्रश्न: निपाणीजवळच्या गावात आमचं आणि अक्कांचं घर भिंतीला भिंत लागून. त्या कन्नड, लिंगायत, आम्ही मराठी. 19 वर्षांचा शेजार. मागच्या आठवड्यात पहाटे त्यांना अस्वस्थ वाटू लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आदल्या रात्री पाठ भरून आलीय म्हणाल्या, तेव्हा गॅस असेल म्हणून मी ओवा दिला होता. ते डोक्यातून जात नाही. घरचे म्हणतात, सख्खी असल्यासारखी काय रडतेस? पुढच्या विधींना काय घेऊन जाऊ? माझ्या फोनमध्ये त्यांचे थोडे व्हॉइस मेसेज आहेत. त्यांची शेंगा चटणी मात्र मला कधीच जमली नाही, गोळाच होतो.

उत्तर: ताई, 19 वर्षं रोज सकाळी सडा घालताना जिच्याशी पहिला शब्द बोललात, ती बाई गेली. रडू येणारच. घरच्यांना तेवढंच सांगा आणि रडा.

ओव्याचं आधी बोलू. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असं नाही. पाठ, खांदा, जबडा दुखतो, धाप लागते, मळमळतं, कधी नुसता थकवा येतो, आणि घरोघरी ते पित्तावर ढकललं जातं. तुम्हाला जे दिसलं त्याला धरून तुम्ही काळजीनंच केलंत. यापुढे कुणाला असं दुखून दम लागला किंवा घाम फुटला, तर थेट 108 ला फोन करा.

विधींना जरूर जा, पण आपल्याकडचं गृहीत धरू नका. लिंगायतांत दफन करतात, त्यामुळे रक्षाविसर्जन नसतं. बसवण्णांच्या शिकवणीत पंचसूतकं मानत नाहीत, त्यात मृत्यूचं सूतकही आलं. त्यामुळे या दिवसांत त्यांच्या घरी जावं की नाही, ही शंका मनात ठेवू नका. अक्का 'लिंगैक्य' झाल्या, म्हणजे लिंगाशी एकरूप झाल्या, असं ते म्हणतील. पुढे शिवगणाराधना, म्हणजे गेलेल्या माणसासाठी पूजा आणि जेवण होतं, तिचा दिवस आणि रीत घरागणिक बदलते. म्हणून अक्कांच्या लेकीला किंवा जावेला सरळ विचारा, 'एन तरबेक्री?' काय आणू, एवढं विचारलं की अंदाज बांधावे लागत नाहीत. त्या दिवशी हारापेक्षा तुमचा गॅस, पाण्याची पिंपं आणि पाहुण्यांना टेकायला एक खोली जास्त उपयोगी पडेल.

व्हॉइस मेसेजचं आजच करा. ते फोनच्या मेमरीत असतात. जागा भरली म्हणून मीडिया साफ केला किंवा बॅकअप न घेता फोन बदलला की जातात. मेसेजवर बोट दाबून धरा, शेअर करा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवा. मग फाइलला नाव द्या: अक्का, पंचमीची तयारी, आणि वर्ष. नाव नसलेल्या चाळीस फाइल्स पुढे कुणी उघडत नाही. अक्कांचा फोन लगेच रीसेट करू नका, असं मुलांनाही सांगा. 120 दिवस वापर नसेल तर व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं. आणि हे आवाज घरच्यांना विचारल्याशिवाय कुठल्या ग्रुपवर टाकू नका. बेसावध असताना आईचा आवाज कानावर आला तर लेकीला सोसणार नाही.

आता चटणी. गोळा होतो कारण शेंगदाणे गरम असतानाच मिक्सरमध्ये जातात. गरम दाण्याचं तेल पटकन सुटतं, त्यात पातं सतत फिरलं की आणखी तापतं. पाव किलो दाणे मंद आचेवर साल तडकेपर्यंत भाजा, साधारण पंधरा मिनिटं लागतील. पसरून तासभर पूर्ण गार होऊ द्या, मग सालं पाखडून काढा. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन चमचे ब्याडगी तिखट आणि मीठ आधी एकत्र वाटून घ्या. नंतर दाणे घालून मिक्सर दोन-दोन सेकंदच फिरवा आणि मध्ये चमच्यानं तळ हलवा. जाडसर असतानाच थांबा. शेवटचं कुटणं खलबत्त्यात करा. लसूण ओला असेल तरीही चटणी चिकटते, तेव्हा तो तव्यावर जरा कोरडा करून घ्या. प्रमाण अक्कांचं नसेल, कारण त्या मुठीनं मोजत असणार. पहिला घाणा लेकीला चाखायला द्या. काय कमी पडलं ते तिची जीभ सांगेल. सांगेल ते लगेच वहीत लिहा.

अक्कांच्या मालकांकडे चौदाव्या दिवसानंतर लक्ष द्या. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर एकदम रिकामं होतं. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं तर पुरुष माणूस सांगत नाही. त्यापेक्षा मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भाकरी-भाजी देईन, असं ठरवून सांगा आणि तो वार चुकवू नका.

नागपंचमीला यंदा त्या घरात उंड्या, म्हणजे त्यांच्याकडचे लाडू, वळल्या जाणार नाहीत. शेंगांच्या आणि तिळाच्या तुम्ही वळा, डबा भरून भिंतीपलीकडे द्या. अक्कांचा एखादा डबा अजून तुमच्याकडे राहिला असेल, तर त्यातच भरा.