जुनी इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट दुरुस्त करून कुटुंबासोबत शिकारीला वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला एका रँचवर शिकारीची लीज (भाड्याने शिकारीचा हक्क) घेतली आहे. क्लब कार कंपनीची २००२ची ४८ व्होल्टची डीएस मॉडेलची कार्ट १,२०० डॉलरला मिळतेय, पण ती दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे आणि चार्जर लावला तर सुरूच होत नाही. घ्या की. फक्त तिची किंमत १,२०० नसून निदान २,२०० आहे असं मनाशी धरा, म्हणजे घासाघीस करताना जीभ अडखळणार नाही.

वरचे हजार बॅटऱ्यांचे. या गाडीत ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. चार्ज न करता इतके दिवस उभ्या राहिल्या की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग त्या चार्ज धरत नाहीत. चार्जर सुरू होत नाही म्हणजे तो मेलाय असंही नाही. पॅकचा (सहाही बॅटऱ्यांचा मिळून) व्होल्टेज फार खाली गेला असेल तर हे जुने चार्जर जागेच होत नाहीत. विकणारा "नवीनच बॅटऱ्या आहेत" म्हणाला तर टर्मिनलवरचा शिक्का पाहा. बऱ्याच कंपन्या एक अक्षर आणि एक आकडा ठोकतात: अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी), आकडा वर्षाचा शेवटचा. पाच-सहा वर्षं झालेल्या बॅटऱ्यांवर एक डॉलरही धरू नका.

माझे व्याही मूळचे टेक्सासातलेच, त्यांची रँच तिथल्या लॅनो गावाजवळ आहे. त्यांची कार्ट आम्ही दोघांनी मिळून उघडली तेव्हा पहिला दिवस नुसता साफसफाईत गेला. सीट उचलली की खाली हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर दिसतो, तो ॲसिडचा. हातमोजे, चष्मा, अंगठी-घड्याळ काढून ठेवलेलं, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली. एवढं झाल्याशिवाय हात घालू नका. पाना चुकून दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर वितळतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला की फसफसतं. फसफस थांबेपर्यंत ओतत राहायचं, पण बॅटरीची बुचं बंद हवीत. मग केबल पाहा. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) काळा पडलेला किंवा वेष्टण फुगलेलं दिसलं तर ती केबल बदलाच. सगळ्याच बदलणार असाल तर ४ गेजच्या घ्या (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), मूळच्या ६ गेजच्या चढावर तापतात.

डीएसची चौकट ॲल्युमिनियमची, ती गंजत नाही, हा मोठा फायदा. ईझी-गो या दुसऱ्या कंपनीच्या कार्टची चौकट लोखंडी असते; तशी गाडी पाहायला गेलात तर बॅटऱ्यांखालचा भाग आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा.

बॅटऱ्यांमध्ये थोडा जीव वाटला, तर पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. पॅकवर ५०.९ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, म्हणजे एकेका बॅटरीवर साधारण ८.५. मग पंधरा-वीस मिनिटं चढावर फिरवून आणा आणि थांबल्या थांबल्या पुन्हा एकेक मोजा. जी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली दिसेल ती गुन्हेगार. ती एकटी बदलण्यात अर्थ नाही; जुन्या पाचांच्या संगतीत नवी लवकर म्हातारी होते. बदलायच्या तर सहाही.

लिथियम घालू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. वजन दोनशे-अडीचशे पौंडांनी कमी होतं, पाणी घालायची कटकट संपते. पण चार्जर बदलावा लागतो, गाडीतला ऑनबोर्ड कॉम्प्युटर (चार्जिंगवर लक्ष ठेवणारा) बायपास करावा लागतो, आणि ०° सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करता येत नाही. वर्षातून थोडेच वीकेंड वापरणार असाल तर माझं मत लेड-ॲसिडला. मात्र डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्ज झाल्यावर, आधी नाही (पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडण्यापुरतं आधी). मोसम संपल्यावरही महिन्यातून एकदा चार्जरला लावा. रँचवर वीज नसेल तर २,००० वॅटच्या जनरेटरवर चार्जर साधारण चालतो. तरी जोडी जुळते का ते घरीच तपासा.

आता ज्यावर लोक पैसे उधळतात ते: ६ इंचांची लिफ्ट, २२-२३ इंचांचे टायर, कॅमोफ्लाज रंग. दिसायला झकास. पण टायर मोठा झाला की चढावर मोटर जास्त करंट ओढते आणि गाडी उंच झाली की तिरक्या उतारावर कलंडायची भीती वाढते. तुम्ही मुलांना बसवणार आहात. मूळच्या उंचीवर बसतील असे जाड खाचांचे टायर घ्या आणि उरलेले पैसे ब्रेकमध्ये घाला. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, ड्रमचे, केबलने ओढले जाणारे. ड्रम उघडून शू (आतल्या घासणाऱ्या पट्ट्या) बदला, केबल सुटी करून पाहा, पार्किंग ब्रेक चढावर भरल्या गाडीला धरतो का ते पाहा. हे सोडून स्पीकर बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

गाडीची क्षमता सुमारे ८०० पौंड. चार माणसांचेच साडेपाचशे-सहाशे होतात, त्यात फीडरसाठी (हरणांना दाणे टाकणारं यंत्र) ५० पौंडांची मक्याची दोन पोती, बंदुका, बर्फाची पेटी. म्हणजे हरीण मिळालं तर दोघांनी उतरून चालायचं. मागची सीट उलटली की सपाट फळी होते अशी घ्या. दिव्यांसाठी ४८चे १२ व्होल्ट करणारा रिड्यूसर लावा. दोनच बॅटऱ्यांवरून तार काढली तर त्या दोन आधी मरतात.

बंदूक रॅकवर नेताना रिकामी, हा आमच्याकडचा न बोलता पाळायचा नियम. गाडीतून शिकार करण्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि सार्वजनिक रस्त्यावरून तर टेक्सासातही चालत नाही. २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशन (शिकारीचं प्रशिक्षण) लागतं, ते मुलांसोबत तुम्हीही उरकून घ्या. (महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी मनात काही आणू नये, आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.)

पैसे देण्यापूर्वी एक करा. पॅसेंजरच्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या खाली सीरियल नंबर असतो. तो एक्यूने सुरू झाला तर गाडी आयक्यू सिस्टिमची, म्हणजे उतारावर मोटरच वेग धरून ठेवते. तुमच्या डोंगराळ भागात त्यासाठी शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही. नुसत्या ए-पुढे आकडे असले तर साधी पॉवरड्राइव्ह सिस्टिम. सुरुवातीची अक्षरं आणि सीटखालचा एक फोटो टाका, कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा) आणि सोलेनॉइड (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) यांचं पुढे बोलू.