ड्राफ्ट किती द्यायचा हे नंतर, कुठून द्यायचा ते आधी

तुमचा प्रश्न मला असा कळला: साच्यात बनवायचा एबीएस प्लास्टिकचा डबा, १२० बाय ८० बाय ५५ मिलिमीटर, भिंत अडीचची, आत पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी), बाहेरून टेक्स्चर. अंबडच्या टूलरूमने, म्हणजे साचा बनवणाऱ्यांनी, "ड्राफ्ट टाकून आणा" म्हणून मॉडेल परत पाठवलं, तर आता सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ड्राफ्ट घेईना, एरर देतंय. (ड्राफ्ट म्हणजे पीस साच्यातून सहज सुटावा म्हणून भिंतीला दिलेला तिरकेपणा.) आणि एक अंश पुरेल का?

एररचं आधी बघू, ते सोपं आहे. तुम्ही सगळ्या कडा गोल करून मग ड्राफ्ट लावताय. फिलेट, म्हणजे ती गोल केलेली कड, भिंतीला चिकटून असतो, भिंत तिरकी केली की त्यालाही हलावं लागतं आणि तिथे सॉफ्टवेअर अडकतं. पायऱ्यांच्या यादीतला रोलबॅक बार फिलेटच्या वर ओढा. नुसत्या ठोकळ्याला ड्राफ्ट द्या, मग बाहेरचे कोपरे गोल करा, मग शेल, म्हणजे ठोकळा आतून पोकळ करणं. आतली भिंत आपोआप तेवढीच तिरकी होते आणि जाडी सगळीकडे सारखी राहते. रिब (भिंतीला आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि बॉस (स्क्रू बसवायचे खांब) त्यानंतर, आणि बारीक फिलेट अगदी शेवटी. एवढ्यानं बहुतेक एरर जाईल.

आता खरा मुद्दा. कुल्फीचा साचा तोंडाशी रुंद आणि खाली निमुळता का असतो हे कुणी शिकवावं लागत नाही. पण साच्याच्या तोंडाचं माप महत्त्वाचं की टोकाचं, हे कुल्फीवाल्याला कुणी विचारत नाही. आपल्याला विचारतात! ड्राफ्टमध्ये 'न्यूट्रल प्लेन' निवडता, तिथलं माप जसंच्या तसं राहतं, बाकी सगळं सरकतं.

मी हे पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीच्या काळात असाच एक डबा केला, उंची ५५च. न्यूट्रल प्लेन म्हणून तळ निवडला, एक अंश दिला, ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस (सॉफ्टवेअर कुठे किती ड्राफ्ट आहे ते रंगांनी दाखवतं) बघून खूश झालो. एक अंशाला ५५ मिलिमीटरवर एका बाजूला ०.९६ मिलिमीटर पडतात, म्हणजे तोंड दोन्ही बाजू मिळून जवळजवळ दोन मिलिमीटरनं मोठं झालं. झाकणाचा साचा दुसरीकडे, जुन्या मापानं तयार. पहिले पीस हातात आले तेव्हा झाकण डब्यावर बसेचना. चहासुद्धा गोड लागला नाही त्या दिवशी. तुमच्या डब्यात झाकण तोंडावर बसणार, म्हणून न्यूट्रल प्लेन तोंडाशी, पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथे. मग तळ लहान होईल, आणि पीसीबी तळाशी बसतो, तेव्हा तिथली जागा आधी मोजा.

इथेच टेक्स्चर आडवं येतं. टेक्स्चर म्हणजे साच्याच्या भिंतीतले बारीक खड्डे, पीस निघताना त्यात अडकतो आणि ओरखडे उमटतात. साधारण हिशेब असा की टेक्स्चरच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीला मूळ ड्राफ्टवर एक ते दीड अंश जास्त. ०.०५ खोलीचं टेक्स्चर हवं असेल तर एकूण तीन अंशांच्या खाली जाऊ नका. तीन अंशाला ५५ उंचीवर एका बाजूला २.८८ मिलिमीटर, म्हणजे तळ तोंडापेक्षा पावणेसहा मिलिमीटरनं अरुंद! पीसीबी मावला तर उत्तम. नाही तर उथळ टेक्स्चर घ्या, किंवा फक्त वरच्या झाकणाला द्या. गुळगुळीत एबीएसला एक अंश चालतो, दीड असेल तर साचेवाला दुवा देईल.

आतल्या बाजूला हात आखडू नका. प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या भागाला, घट्ट धरतं, तिथून ते इजेक्टर पिनांनी ढकलून काढायचं असतं. ड्राफ्ट कमी असेल तर पिनांचे पांढरे ठसे बाहेरून दिसतात.

रिबचं गणित मात्र उलटं. तिथे न्यूट्रल प्लेन मुळाशी घ्या. तुमच्या भिंतीला रिबचं मूळ दीड मिलिमीटर ठीक, म्हणजे भिंतीच्या साठ टक्के. वीस उंच रिबला दर बाजूला अर्धा अंश दिला तर टोक १.१५ राहतं. टोकाला दीड धरून ड्राफ्ट दिलात तर मूळ १.८५ होईल आणि बाहेरच्या पृष्ठभागावर खड्डा, म्हणजे सिंक मार्क, नक्की. स्क्रूच्या बॉसमधल्या भोकाला मी फार ड्राफ्ट देत नाही, अर्धा अंश बास. स्लीव्ह इजेक्टर (बॉसला नळीसारखा ढकलणारा इजेक्टर) असेल तर त्याहून कमीही चालतो, टूलरूमला विचारून घ्या.

बाजूच्या भिंतीतली चार्जिंगची खिडकी राहिलीच. तिला स्लायडर (बाजूला सरकणारा साच्याचा भाग) लागेल, किंवा कोअर आणि कॅव्हिटी (साच्याचा बाहेरचा भाग) तिथे एकमेकांवर टेकून बंद होतील असं करता येईल. टेकणाऱ्या त्या भिंतींना किमान तीन अंश हवेत, नाही तर दर शॉटला पोलाद पोलादावर घासेल आणि थोड्याच दिवसांत फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेलं जादा प्लास्टिक, यायला लागेल.

सगळं झालं की ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस चालवा. खेचण्याची दिशा वर धरा. लाल दिसलं म्हणून घाबरू नका, नवीन मुलं हमखास घाबरतात. बाहेरची बाजू कॅव्हिटीतून सुटते, आतली कोअरवरून, त्यामुळे एक हिरवी आणि एक लाल येणारच. शोधायचं ते पिवळं. पिवळं म्हणजे ठरवलेल्या अंशापेक्षा कमी.

आणि स्टेप फाइलसोबत (थ्रीडी मॉडेलची फाइल) एक टूडी ड्रॉइंग द्या, त्यावर १२० आणि ८० ही मापं तोंडाची की तळाची हे स्पष्ट लिहा. शेलनंतरचा सेक्शन कापून फोटो इथे टाकलात तर रिबची मुळं मी बघून सांगतो.