ग्रुप ॲडमिन, डिलीट केलेला मेसेज आणि पोलिसांचा फोन

प्रश्न : मी 64 वर्षांचा, नोकरीतून निवृत्त. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, सदस्य 212. मागच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास एका सदस्याने ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे’ असा मेसेज दोन माणसांच्या फोटोसकट टाकला. सकाळी साडेसहाला मी तो सर्वांसाठी डिलीट केला. त्याच दुपारी बाजारात दोन फेरीवाल्यांना ‘हेच ते’ म्हणून जमावाने घेरलं. पोलीस वेळेत पोहोचले म्हणून निभावलं. आता पोलीस ठाण्यातून फोन आलाय : ‘उद्या मोबाइल घेऊन या, पासवर्ड लागेल.’ मुलगा म्हणतो, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, कुणाला काही दिसत नाही, फोन फॉरमॅट करून टाकू. एक गोष्ट सांगायला हवी. रात्री त्या मेसेजखाली मी ‘सर्वांनी काळजी घ्या, पुढे कळवा’ असं लिहिलं होतं. माझ्यावर गुन्हा होईल का?

उत्तर : आधी मुलाच्या हातातून फोन काढून घ्या.

पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज तो हजर करता येऊ नये या हेतूने नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज तुमच्याविरुद्ध फारसं काही नसेलही. फॉरमॅट केल्यावर मात्र नक्की असेल. शिवाय त्याने साधणार काय? तुमच्या फोनमधलं गेलं तरी उरलेल्या 211 फोनांमध्ये ते आहेच.

‘एन्क्रिप्टेड आहे’ म्हणजे नेमकं काय, याबद्दल तुमच्या मुलासारखा गैरसमज पुष्कळांचा आहे. 2016 पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. पण तो दोन्ही टोकांना उघडाच असतो. ग्रुपमधल्या एकाने आपला मोबाइल हवालदारापुढे धरला की एन्क्रिप्शन फोडण्याची गरजच राहत नाही. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत कागदपत्रांची सुरुवात जवळजवळ नेहमी एखाद्या सदस्याने काढलेल्या स्क्रीनशॉटने होते. कुणी मेसेज ‘रिपोर्ट’ केला तर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, तेही वाचता येतील असे. आणि क्लाउडवरचा बॅकअप तुम्ही वेगळी सेटिंग चालू केल्याशिवाय त्या कुलपात नसतो.

आता साडेसहाला डिलीट केलेला मेसेज. ही गोष्ट मला फॉरमॅटपेक्षा पूर्णपणे वेगळी वाटते. तेव्हा तक्रार नव्हती, पोलिसांचा फोन आलेला नव्हता. तुम्ही अफवा थांबवायला तो काढलात आणि ग्रुपवर ‘ॲडमिनने डिलीट केला’ अशी नोंद तुमच्या नावासकट दिसतेय. लपवणारा माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावून जात नाही. हे आजच, आठवतंय तोवर, वेळेसकट एका कागदावर लिहून काढा. पुढे कधी असं झालंच तर क्रम लक्षात असू द्या : आधी स्क्रीनशॉट, त्यात टाकणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे, मग पोलिसांना कळवणं, आणि मग डिलीट.

ॲडमिन म्हणून तुमच्यावर जबाबदारी येते का, याचं उत्तर महाराष्ट्रापुरतं बरंचसं स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कारण सदस्य घेणं आणि काढणं एवढीच त्याची सत्ता, मजकूर पडण्याआधी तो तपासण्याची नाही. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये तेच म्हटलं. एक बारीक मेख मात्र आहे. निकाल आला तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येत नव्हता. ती सोय 2022 मध्ये आली. ‘सत्ता होती, वापरली नाही’ असा युक्तिवाद सरकारी वकील उद्या करू शकतात. तुम्ही ती वापरलीत, म्हणून तुम्हाला तो लागत नाही.

तुम्हाला लागतात ते तुमचे दोन शब्द : ‘पुढे कळवा’. त्यांनी तुम्ही ॲडमिनच्या खुर्चीतून उठून मेसेज पसरवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलात, असं तपास अधिकारी म्हणू शकतो. लोकांमध्ये घबराट पसरवणाऱ्या अफवेसाठी न्याय संहितेचं कलम 353 लावलं जातं. त्याच कलमाला अपवाद आहे : मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि तो सद्भावनेने, वाईट हेतू नसताना पसरवला, तर गुन्हा होत नाही. तुमची सद्भावना दाखवता येईल. वाजवी कारणाची बाजू मात्र लंगडी आहे. अनोळखी फोटो, बहुधा ‘पुष्कळदा फॉरवर्ड केलेला’ असा दोन बाणांचा शिक्का, यावर विश्वास का ठेवला, हा प्रश्न येईलच. तरीही हे शब्द तुम्ही मला कळवलेत हे फार बरं केलंत. अशिलाने न सांगितलेली गोष्ट कोर्टात समोरच्याच्या तोंडून ऐकावी लागते, तेव्हा काय होतं ते आम्हा वकिलांनाच ठाऊक. गुन्हा नोंदवला गेला आणि अटकेची शक्यता दिसली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक, जामीन यांची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. आज मी तेवढी घाई करणार नाही.

‘मेसेज मूळचा माझा नाही, व्हॉट्सॲपनेच सांगावं कुणाचा ते’ असंही तुमच्या मनात येईल. यावर दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकार आणि व्हॉट्सॲप यांच्यात वाद आहे. फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम 4(2) म्हणतो की पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, संदेशाचा पहिला प्रवर्तक, म्हणजे तो सर्वांत आधी टाकणारा, कोण हे सांगितलं पाहिजे. मे 2021 मध्ये कंपनी या नियमाविरुद्ध न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, एकाचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण करून ठेवावी लागेल. एप्रिल 2024 मध्ये तिच्या वकिलांनी, एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथून जाईल, इथवर सांगितलं. सरकार म्हणतं, आम्हाला मजकूर नको, फक्त मूळ हवं.

सरकारची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. पण मूळ शोधण्याचा उपाय मला कुचकामी वाटतो. कुणी फोटो सेव्ह करून नव्याने टाकला की साखळी तिथेच तुटते आणि ‘पहिला’ म्हणून भलताच माणूस सापडतो. मजकूर परदेशातून आला असेल तर भारतात तो प्रथम टाकणाऱ्यालाच नियम मूळ मानतो. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं; त्यात हात घालायचा तर उपाय गरजेपुरता हवा. हा गरजेपुरता नाही. शिवाय किमान पाच वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यासाठीच मूळ विचारता येतं अशी नियमात अट आहे आणि कलम 353 ची कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे तीन वर्षं. ती अट सगळ्या गुन्ह्यांना लागते असं मी वाचते, उलट वाचणारेही आहेत. थोडक्यात, तुमच्या मदतीला या नियमातून कुणी धावून येणार नाही.

आता उद्याचं. फोनवरून मिळालेल्या निरोपावर ठाण्यात जाऊ नका. उद्धटपणाही नको. ‘साहेब, लेखी नोटीस द्या, लगेच सहकार्य करतो’ एवढंच म्हणा. तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली, लेखी आदेशानेच (पुढची 35, 94 आणि 105 ही कलमंही त्याच संहितेची). आणि साठीच्या पुढच्या माणसाला त्यासाठी घराबाहेर कुठे बोलावता येत नाही, जबाब तुमच्या घरी येऊन घ्यावा लागतो. जुन्या कायद्यात ही मर्यादा 65 होती, आता 60 आहे, आणि ठाण्यांमध्ये अजून पुष्कळांना ते माहीत नसतं. संशयित म्हणून बोलावत असतील तर नोटीस कलम 35(3) ची येईल. तिथे वयाची सवलत नाही आणि गैरहजर राहणं महागात पडतं. गंमत अशी की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावलंय. दोन्हींतलं कोणतं कलम कागदावर आहे, हे पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मोबाइल मागण्यासाठी कलम 94 चा लेखी आदेश लागतो. जुन्या कायद्यातला असा आदेश आरोपीला लागू होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साठच्या दशकात ठरवलं होतं. पण पोलीस मोबाइल जप्तही करू शकतात. जप्त केला तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय क्रमांक, फोन चालू होता की बंद, सील कसं केलं, हे आलं पाहिजे. कलम 105 खाली जप्तीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. ते मागा. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पुढे सुपुर्तनाम्यावर फोन परत मिळवण्यासाठी तीच लागते.

पासवर्डवर न्यायालयांचं एकमत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा घटनेच्या कलम 20(3) चा हक्क. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पासवर्ड मागणं त्यात बसत नाही असं मानलं. दिल्ली उच्च न्यायालयाने नंतर एका जामीन प्रकरणात उलट कल दाखवला. बोटाचा ठसा देणं म्हणजे साक्ष नव्हे, हे 1961 पासून ठरलेलं आहे. म्हणून आज संध्याकाळीच फोनचं बोटाने उघडणं बंद करून आकडी पासवर्डवर ठेवा. त्याने काही नष्ट होत नाही.

माझा सल्ला : पासवर्ड तोंडी सांगू नका आणि कागदावर तर अजिबात लिहून देऊ नका. सहकार्य करायचंच असेल, आणि तुमच्या बाबतीत मी ते करीन, तर वकिलासमोर, पंचांसमोर तुम्ही स्वतः फोन उघडा, तो एकच ग्रुप दाखवा, आणि ‘फक्त हा ग्रुप पाहिला’ असं पंचनाम्यात लिहून घ्या. बँकेचे मेसेज, कुटुंबाचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांचा या तपासाशी संबंध नाही.

साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबावर सही करू नका. कायद्याने ती लागत नाही. ‘पुढे कळवा’बद्दल विचारलं तर खोटं बोलू नका, पण ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा ओढवेल ते देण्याचं बंधनही नाही. आणि डिलीटच्या वेळेचा तो कागद पत्र म्हणून दोन प्रतींत करा. एक ठाण्यात द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या.