वाचकांचे प्रश्न : अनुभवी वैमानिकाचा हात चुकतो कसा?

प्रश्न : नेपाळमधील पोखरा येथे २०२३ मध्ये झालेल्या विमान अपघातात वैमानिकाने चुकीचे लिव्हर हलवल्याचे वाचनात आले. इतका अनुभव असलेल्या माणसाकडून असे कसे घडते, आणि चूक तत्काळ ध्यानात का येत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : १५ जानेवारी २०२३ रोजी यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ विमान, दोनच आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या पोखरा येथील नव्या विमानतळावर उतरत होते. विमान चालवणाऱ्या वैमानिकाने फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा, ३० अंशांवर नेण्यास सांगितले आणि शेजारच्या प्रशिक्षक वैमानिकाने तसे केल्याचे उत्तरही दिले. परंतु चौकशी अहवालानुसार हलली ती फ्लॅपच्या लिव्हरशेजारची, इंजिनांच्या पंख्यांशी (प्रोपेलरशी) संबंधित असलेली दोन्ही कंडिशन लिव्हर. त्यामुळे पंख्यांच्या पात्यांची कड वाऱ्याच्या दिशेला वळली आणि विमान पुढे ओढले जाणेच थांबले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. इंजिने बंद पडलेली नव्हती. फ्लॅप नीट उतरवले आहेत, अशी समजूत एकदा झाल्यावर आपण काय हलवले याचा शोध कोण घेणार? इंजिनांतून ताकद मिळत नसल्याचे वैमानिक बोलून दाखवत होते, मात्र कंडिशन लिव्हर त्या चुकीच्या जागीच राहिली. विमानातील सर्व ७२ जण मृत्युमुखी पडले.

आता अनुभवाविषयी. नवखा माणूस प्रत्येक बटण शोधून दाबतो. सरावलेला हात मात्र, घर बदलल्यावरही अंधारात जुन्या जागीच दिव्याचे बटण चाचपावे, तसा सवयीने जातो. ६ सप्टेंबर २०११ रोजी जपानमधील नाहाहून टोकियोला जाणाऱ्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या बोइंग ७३७-७०० मध्ये नेमके असेच झाले. स्वच्छतागृहातून परतलेल्या कॅप्टनसाठी कॉकपिटचे दार उघडताना सहवैमानिकाने रडर ट्रिमची, म्हणजे शेपटीवरील सुकाणू डावी-उजवीकडे वळवणारी, कळ फिरवली. त्याने पूर्वी चालवलेल्या ७३७-५०० मधील दाराची कळ तिच्याशी जागेने आणि आकाराने मिळतीजुळती होती. विमान १३१ अंशांहून अधिक कलले, म्हणजे जवळजवळ उलटेच झाले, आणि सुमारे १,९०० मीटर खाली आले. सुदैवाने ते सावरले.

अशा घटनांत दोष केवळ माणसाचा मानू नये, असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच आत घेत, तेव्हा अल्फोन्स चापानिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे असल्याचे दाखवून दिले. उपाय अगदी साधा निघाला : चाकांच्या खटक्याला चाकासारखी आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ. आजही विमानांत चाकांच्या लिव्हरची मूठ गोल असते. पोखऱ्यात मात्र आकाराचा हा फरक पुरेसा ठरला नाही. म्हणूनच ‘फ्लॅप ३०’ हे उत्तर लिव्हर हलवल्याच्या भरवशावर नव्हे, तर दर्शकावर ३० अंश दिसल्यानंतरच द्यायचे असते.